पुनर्जुळणी

आमच्या इमारतीतले लोक हल्ली मला जिन्यात थांबवतात आणि दबक्या आवाजात आपल्या मामांची, मावश्यांची, क्वचित स्वतःचीही माहिती सांगतात. वय, प्रकृती, पेन्शन, मुलं कुठं असतात. मी लग्नं जमवतो असा त्यांचा समज आहे. तो खोटा आहे. मी आयुष्यभर एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या लेखनातल्या चुका काढत होतो. माझं स्वतःचं लग्नसुद्धा मी जमवलेलं नाही. ते माझ्या थोरल्या बहिणीनं जमवलं आणि नंतर मला कळवलं.

या सगळ्याच्या मुळाशी आमचे व्याही आहेत. असं लिहिलं आणि लगेच वाटलं, खोडावं. त्यांचा काही दोष नाही. त्यांचा कधीच काही दोष नसतो, हीच त्यांच्याबद्दलची माझी तक्रार आहे.

व्याही म्हणजे सुनेचे वडील. विहीणबाई गेल्या, ते एकटे पडले, तेव्हा त्यांना आमच्याकडे आणायचं घरात ठरलं. मीही मोठ्या मनानं म्हणालो, "आणा की. जागा काय, मनात असली की होते." हे वाक्य माझं नाही, कुठल्यातरी प्रुफात वाचलेलं असणार. घरात झोपायच्या खोल्या तीनच. तेव्हा मनातली जागा प्रत्यक्षात अशी झाली: व्याही माझ्या खोलीत आले आणि आमची ही नातीच्या खोलीत गेली. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर माझ्या बायकोची बदली झाली आणि तिच्या पलंगावर एक निवृत्त ओव्हरसियर रुजू झाले.

जाताना हिला वाईट वाटलं असेल, पण तसं दिसलं नाही. उशी काखेत मारून निघाली. दारात म्हणाली, "होईल हळूहळू सवय."

कोणाला, ते सांगितलं नाही.

व्याह्यांची नोकरी बदलीची. उभ्या आयुष्यात त्यांनी इतक्या गावांत बिऱ्हाडं थाटली आणि मोडली, की नवीन जागा त्यांना नवीन वाटतच नसावी. आले त्या दिवशी बॅग उघडण्याआधी त्यांनी न्हाणीघरातला गळका नळ दुरुस्त केला. हा नळ कित्येक महिने गळत होता आणि मी त्याच्याशी जमवून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फिरून आले तेव्हा वॉचमन त्यांना फाटक उघडून देत होता. मला तोच वॉचमन आजही विचारतो, "कुणाकडं जायचंय?" नात मला आजोबा म्हणते. यांना ती आबा म्हणू लागली, आणि तिच्या मैत्रिणी आल्या की ओळख करून देताना मी झालो 'ते दुसरे आजोबा'. दुसरे. मी तिच्या बारशापासून इथं आहे. क्रमवाचक विशेषणांचा इतका उघड चुकीचा वापर छापखान्यात मी एका ओळीत सुधारला असता.

पण हेही मी सहन केलं असतं. सहन झालं नाही ते हिचं बोलणं.

"बघा, आबा कसे रुळले," ही एकदा चहा देताना म्हणाली. "नाहीतर तुम्ही. कप बदलला तरी तोंड पाडून बसता."

"कप बदलल्याबद्दल नव्हतं ते. त्याचा कान डाव्या बाजूला—"

"कपाला डावी बाजू असते का हो? फिरवून धरायचा की." आणि तिनं तो माझ्यासमोर फिरवून धरला. व्याही शेजारीच होते. ते हसले नाहीत. भला माणूस. हसले असते तर मला त्यांचा राग तरी धरता आला असता.

मी खोलीत जाऊन बसलो आणि 'रुळले' या शब्दाकडं बघत राहिलो. पायवाट रुळते, म्हणजे लोकांनी तुडवल्यावर. केस खांद्यावर रुळतात, म्हणजे कोणी न तुडवता. व्याही यांपैकी कोणत्या प्रकारे रुळले होते? मग रमणं, सरावणं, स्थिरावणं. जुळवून घेणं, मिळतं घेणं, पडतं घेणं, नमतं घेणं, सांभाळून घेणं, चालवून घेणं, खपवून घेणं. आपल्याकडं परिस्थिती बदलली की माणसानं नुसतं घेत सुटायचं असतं, आणि इतकं घेऊन हातात काही येत नाही. ही कल्पना मला बरी वाटली. मी ती मोठ्यानं म्हटली असावी, कारण पलीकडच्या पलंगावरून व्याही म्हणाले, "वा."

त्या एका 'वा'मुळं पुढचं सगळं झालं. व्याही तोवर इमारतीच्या ज्येष्ठ मंडळात गेले होते. मला तिथले लोक चेहऱ्यानंही ओळखत नव्हते, यांना त्यांनी खजिनदार करून टाकलं होतं. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे वरच्या मजल्यावरचे कर्नल. ते कधी सैन्यात नव्हते, मिश्यांमुळं तसं नाव पडलं. त्यांना व्याह्यांनी सांगितलं, "आमचे व्याही शब्दांतले फार मोठे आहेत. त्यांचं व्याख्यान ठेवा." कर्नल संध्याकाळी दारात हजर.

मी नाही म्हणणारच होतो. घरच्या चौघांपुढंही मी एका दमात दोन वाक्यं बोलत नाही. पण ही स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाली, "यांचं? व्याख्यान?" आणि त्या दोन प्रश्नचिन्हांमध्ये जी जागा होती तिच्यात मी उडी घेतली.

"देतो," मी म्हणालो.

खरं सांगायचं तर मला एवढंच हवं होतं. एकदा, फक्त एकदा, मी उभा राहून बोलतोय, व्याही खाली बसून ऐकताहेत, आणि ही आम्हा दोघांकडं बघतेय. नंतर तिनं काही म्हटलं नसतं तरी चाललं असतं. उशी घेऊन परत आली असती तर फारच चाललं असतं.

तळमजल्यावरच्या हॉलसाठी सेक्रेटरींची परवानगी लागते. सेक्रेटरी म्हणाले, "वाढदिवस, मीटिंग की इतर?" मी म्हटलं, इतर. "इतर म्हणजे मनोरंजन का?" माझ्या बोलण्यात तसा धोका नाही असं मी त्यांना सांगितलं. त्यांना ते लेखी हवं होतं. 'प्रस्तुत कार्यक्रमात मनोरंजन होणार नाही' असं मी सहीनिशी लिहून दिलं. मग ते म्हणाले, "विषय?"

"बदललेल्या परिस्थितीशी पुन्हा जुळवून घेण्याच्या क्रियेसाठी मराठीत उपलब्ध असलेले शब्द आणि त्यांच्या छटा."

सेक्रेटरींनी माझ्याकडं बघितलं, मग फाटकाजवळच्या फळ्याकडं बघितलं. फळ्याच्या अर्ध्या भागात पाणी कधी येणार नाही ते लिहिलेलं होतं. "एका शब्दात द्या," ते म्हणाले.

हा एक शब्द शोधण्यात माझी झोप उडाली, आणि इमारतीला ते कळलं, कारण व्याह्यांनी काळजीपोटी चार जणांना सांगितलं. सल्ले सुरू झाले. शेजारचे इंजिनियर म्हणाले, "सरळ ॲडजस्टमेंट लिहा, लहान मुलालाही कळतं." समोरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तडजोड." तडजोड दोघांत होते, आणि इथं एकटा मीच करत होतो, हे त्यांना सांगणं बरं दिसलं नसतं. सुनेनं 'अनुकूलन' सुचवला. शब्द शुद्ध आहे, पण त्याच्या आधी लोक मनातल्या मनात 'वाता' लावणार आणि एसीच्या आशेनं येणार. 'पुनर्वसन' म्हटलं तर धरण आठवतं. 'पुनःस्थापना' म्हटलं तर हार घेऊन यावंसं वाटतं.

आणि मग मला छापखाना आठवला. आमच्या वेळी अक्षरांचे शिशाचे खिळे पेटीतल्या खणांतून एकेक उचलून ओळी लावत, त्याला जुळणी म्हणत. पान सगळं लावून तयार असावं आणि ऐनवेळी लेखकानं एक शब्द काढून तिथं भलताच लांब शब्द घालावा. मग ती ओळ फुगायची, खालची सरकायची, शेवटची पुढच्या पानावर जायची. सगळं पान सोडवून पुन्हा लावायचं. पुनर्जुळणी. माझ्या खोलीतून एक आटोपशीर शब्द काढून तिथं एक लांबरुंद शब्द घातला होता आणि माझ्या सगळ्या ओळी सरकल्या होत्या. याहून नेमका शब्द नव्हता. मी सेक्रेटरींना तो कागदावर लिहून दिला आणि थोडं समजावूनही सांगितलं, की माणूस एकटा पडला किंवा घर बदललं, की आयुष्य पुन्हा कसं जुळवायचं, असा साधारण रोख आहे.

"उत्तम," सेक्रेटरी म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं होतं: 'पुनर्जुळणी. ज्येष्ठांसाठी मार्गदर्शन. एकट्या व्यक्तींनी अवश्य लाभ घ्यावा.' मी फळ्यासमोर उभा राहून ते वाचलं. रफार जागेवर होता. णी दीर्घ होती. 'ज्येष्ठ'ला ज्य होता, जो शंभरात नव्वद जण चुकवतात. एकही चूक नाही हे बघून मला इतकं समाधान झालं, की तिथं लिहिलंय काय, हे मी वाचलंच नाही. आमच्या धंद्याचा हा रोग आहे. अक्षरं तपासायची सवय लागली की अर्थ डोळ्यांसमोरून सरळ चालत निघून जातो, आणि आपण त्याच्या बुटांची लेस नीट बांधली आहे का, एवढंच बघतो.

व्याख्यानाच्या संध्याकाळी हॉल भरला होता. मी पडद्याआडून पाहिलं. शेजारच्या इमारतींमधूनही लोक आले होते. पुरुषांनी केस नीट विंचरले होते, ज्यांना होते त्यांनी. अत्तराचा वास होता. एक मुलगी आपल्या वडिलांना हाताला धरून पहिल्या रांगेत घेऊन आली आणि त्यांची कॉलर सारखी करू लागली. मराठी शब्दांबद्दल समाजात इतकी तळमळ असेल असं मला वाटलं नव्हतं. ही तिसऱ्या रांगेत बसली होती. खुर्च्या कमी पडल्या तेव्हा व्याह्यांनी आपली कोणाला तरी दिली आणि मागं भिंतीशी उभे राहिले. म्हणजे ते खाली बसलेले असतील, ही माझी साधी मागणीही पुरी झाली नाही.

मी सुरुवात केली. आवाज लागेना, मग लागला. घेणंवाले शब्द झाले. मग मी माझ्या आवडत्या मुद्द्यावर आलो, की आपल्याकडं स्थिरावणं म्हणजे बसणं. घडी बसते, जम बसतो, बस्तान बसतं, मेळ बसतो, हात बसतो. उभ्यानं माणूस स्थिरावतो असं मराठीला मान्यच नाही. कोणी हसलं नाही, पण सगळे अत्यंत लक्ष देऊन ऐकत होते. मला धीर आला.

"आता पुनर्जुळणी," मी म्हणालो, आणि हॉलमध्ये खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. "पहिली गोष्ट, घाई करायची नाही. आधी जुनं सगळं सोडवून वेगळं करावं लागतं."

"म्हणजे कायदेशीर?" पहिल्या रांगेतल्या कॉलरवाल्या गृहस्थांनी विचारलं.

"नियमाप्रमाणंच. मग एकेक उचलायचं, लावून बघायचं, नीट बसतंय का."

"लावून?" एक बाई म्हणाल्या.

"लावून बघितल्याशिवाय कसं कळणार? नाही बसलं तर ठेवून द्यायचं, दुसरं घ्यायचं. खण भरलेले असतात."

मागून कोणीतरी 'अगं बाई' म्हणालं. कर्नल मिश्यांना हात लावून छताकडं बघू लागले. लोक तल्लीन झाले आहेत अशा समजुतीनं मी रंगात आलो. "आमच्या काळी," मी म्हणालो, "हाताचा वेग असा होता की एकेका माणसाच्या दिवसाला आठ-दहा जुळण्या व्हायच्या. आणि रात्री सगळं मोडून पुन्हा खणात."

यानंतर जी शांतता पसरली तशी शांतता मला पूर्वी कोणत्याही सभेत मिळाली नव्हती. ती मोडली कॉलरवाल्यांच्या मुलीनं. "काका," ती म्हणाली, "नावनोंदणी कुठं करायची तेवढं सांगा ना. बाबांना फार वेळ बसवत नाही."

"कसली नावनोंदणी?"

"जुळवण्याची. लग्न."

मी तिच्याकडं पाहिलं. मग कर्नलकडं. मग फळ्यावरचं वाक्य, रफारासकट, प्रथमच अर्थासकट माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी म्हणालो, "हे खिळ्यांबद्दल होतं." शिशाचे, असं जोडायचं मला सुचलं नाही.

पुढचं हसणं बराच वेळ चाललं. मी टेबलाची कड धरून उभा होतो. ही हसत होती का ते पाहायचं धाडस झालं नाही. इतक्यात कोणीतरी ओरडलं, "अहो आबा, तुमचंच नाव पहिलं घालू या. तुम्ही काय, कुठंही फिट व्हाल." हॉल पुन्हा हसला आणि सगळे मागं वळले. माझ्या स्वतःच्या फजितीतही लोकांना बघायला व्याहीच हवे होते.

व्याही भिंतीपासून थोडे पुढं आले. "फिट कसला," ते म्हणाले. "व्याह्यांनी आत्ता सांगितलं ते मला पटलं. बसणं म्हणजे स्थिरावणं. मला लेकीच्या घरी बसताच येत नाही. बसलो की वाटतं, दुसऱ्या कोणाच्या जागेवर बसलोय. आणि खरंच बसलेलो असतो. म्हणून मग नळ बघ, बल्ब बघ, वॉचमनशी बोल. सगळे म्हणतात, आबा रुळले." त्यांनी माझ्याकडं हात केला. "हे मात्र दिवसभर एका खुर्चीत असतात. कप बदलला तर सांगतात, आवडला नाही म्हणून. ज्याचं घर असतं तोच असं सांगू शकतो. मला ह्यांचा हेवा वाटतो."

दोन-चार बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मलाही ते पटलं, नाही असं नाही. पण पटता पटता हेही मनात आलं, की हेवा माझा होता. इतके दिवस मी तो एकट्यानं, कोणाला न सांगता जपला होता. तोही यांनी घेतला आणि भर सभेत, माझ्यापेक्षा कमी शब्दांत, माझ्यापेक्षा चांगला मांडला.

कार्यक्रम संपला. लोक चहाकडं वळले. मी खुर्च्यांमागं लपायच्या बेतात होतो तेव्हा मेट्रनबाई समोर आल्या. त्या शेजारच्या इमारतीत राहतात. मोठ्या रुग्णालयात मेट्रन होत्या, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या आवाजाला माणूस आपोआप हात पुढं करून नाडी दाखवतो.

"ते उभे राहून बोलले ते," त्या म्हणाल्या. "माणूस म्हणून कसे आहेत? तुम्ही एका खोलीत राहता असं कळलं. खरं सांगा."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. व्याही गेले तर त्यांना बसायला स्वतःची जागा मिळेल, मला माझी खोली मिळेल, उशी परत येईल. तिघांचंही भलं. मी आयुष्यात केलं नाही इतकं कौतुक सुरू केलं. ते घोरत नाहीत. वर्तमानपत्र वाचून पुन्हा होतं तसं घडी घालतात. मला खोकला आला तर विचारत नाहीत, नुसतं पाणी आणून ठेवतात. मी काही वाचून दाखवलं तर 'वा' म्हणतात, आणि तो 'वा' बरोबर जागी असतो. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की मी एकदाही अडखळलो नाही. आणि जसजसं बोलत गेलो तसतशी ती खोली त्यांच्याशिवाय कशी दिसेल, हे मला नीट दिसेना.

"दोष?" मेट्रनबाईंनी विचारलं.

मी फार प्रयत्न केला. "नाही," शेवटी म्हणालो. "मी पुष्कळ शोधले."

"मग नको," त्या म्हणाल्या.

"नको?"

"मी जन्मभर वॉर्ड सांभाळला. सगळ्याला 'बरं आहे' म्हणणारा पेशंट सगळ्यात अवघड. दुखतंय कुठं तेच कळत नाही. त्यांना आधी जरा कुरकुर करायला शिकवा, मग बघू. मला कुरकुरणारा परवडतो. घरात माणूस आहे असं वाटतं." त्यांनी मला चष्म्यावरून वर-खाली पाहिलं, ताप बघावा तसं. "तुमच्यासारखा. तुमचं काय? तुम्ही नाव दिलंय का?"

मला कोणी असं कधी विचारलं नव्हतं. तोंड उघडलं, पण उत्तर आलं ते माझ्या मागून.

"अहो, चला," ही म्हणाली. किती वेळ उभी होती कोण जाणे. "घरी माणसं वाट बघताहेत."

घरी कोणीच नव्हतं. घरातली सगळी माणसं हॉलमध्ये चहा पीत होती.

"या तुमच्या कोण?" मेट्रनबाईंनी मला विचारलं.

"मी यांची बायको," ही म्हणाली. "नातीच्या खोलीत तात्पुरती आहे."

मेट्रनबाई हसून लिफ्टकडं गेल्या. त्यांना आमच्याच मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडं जायचं होतं. लिफ्टचं दार उघडं होतं, आत जागाही होती, पण हिनं माझा हात धरला आणि जिना धरला. हिचे गुडघे दुखतात. एरवी ही पहिल्या मजल्यालाही लिफ्टची वाट बघते.

दुसऱ्या वळणावर ही दम खायला थांबली.

"व्याख्यान बरं झालं," म्हणाली.

"सगळे हसले."

"हसू देत." तिनं पदर सारखा केला. "आबांना नातीच्या खोलीत बरं वाटेल. तीही केव्हाची मागं लागलीय. त्या खोलीत ती त्यांना बसवल्याशिवाय राहायची नाही. मी येते आपल्या खोलीत."

"कधी?"

"आजच. तुमच्याकडं लक्ष द्यायला नको का कोणीतरी?"



आणखी एक मजला चढलो. ही पुन्हा थांबली. या वेळी दम लागलेला दिसत नव्हता.

"काय विचारत होत्या त्या तुम्हाला एवढं?"

"काही नाही. एक शब्द विचारत होत्या."

"कुठला?"

"आठवत नाही."

"तुम्हाला शब्द आठवत नाही?" ती माझ्या पायरीवर उतरून आली आणि माझ्या चेहऱ्याकडं निरखून पाहू लागली, प्रुफाकडं पाहावं तशी, आधी ओळीओळीनं आणि मग पुन्हा वरपासून. इतक्या बारकाईनं तिनं मला लग्नातही पाहिलं नव्हतं.

मी चूक सापडू दिली नाही. आमचा मजला अजून दोन जिने वर होता, आणि मी मुद्दाम हळू चढलो.